आधी शेवट सांग

सिंदी मेघेच्या कोकिळेची रहस्यकथा वाचायची एक स्वतःची तऱ्हा होती, आणि ती ऐकून वर्ध्याच्या वाचनालयाचे ग्रंथपाल प्रेमदासजी कपाळाला हात लावत. ती आधी शेवटचं प्रकरण वाचायची. खुनी कोण, दागिने कुठे गेले, काळा कोट घालून हिंडणारा माणूस खरा कोण, हे सगळं नीट समजून घ्यायची आणि मग पहिल्या पानावर यायची. बरं, आपल्यापुरतं ठेवावं, तर तेही नाही. पुस्तक मोठ्यानं वाचायला बसली की पहिल्या वाक्याच्या आधीच ऐकणाऱ्यांना खुन्याचं नाव सांगून मोकळी व्हायची. चांगल्या वाचणाऱ्या माणसाला हे ऐकून घाम फुटावा. पण तिच्या श्रोत्यांना त्याशिवाय चैन पडत नसे, आणि त्याला कारण होत्या तिच्या सासूबाई, रुख्माबाई.

कोकिळा मूळची नाचणगावची. बांगलादेशची लढाई झाली त्या साली लग्न होऊन सिंदी मेघेला आली. सातवी पास होती, आणि त्या घरात एवढी शिकलेली बाई तीच पहिली. घर भाजीवाल्यांचं. विहिरीच्या भरवशावर पालक, मेथी, चवळाई आणि सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, अशी बारमाही वाडी. दुपारी भाजी उपटून सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत आणायची, माती झटकायची, पिवळी पानं काढायची आणि जुड्या बांधायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळेचा नवरा मधुकरराव त्या सायकलीला बांधून वर्ध्याच्या बाजारात न्यायचा.

जुड्या बांधण्याचं काम असं की हात गुंततात आणि डोकं रिकामं राहतं. रिकाम्या डोक्याच्या चार बाया एकत्र बसल्या म्हणजे जिभा चालतात आणि जिभा चालल्या की हात थांबतात. म्हणून रुख्माबाईंच्या सपरीत फार पूर्वीपासून पोथी लागत असे. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी बांधायचं. रुख्माबाईंचे मालक होते तोवर ते वाचत. त्यांची रीत अशी की अध्याय सुरू करण्याआधी त्याचं सार दोन वाक्यांत सांगून टाकायचं. राक्षस मरणार आहे, राणीला मूल होणार आहे, काळजी करू नका, आता ऐका. ते गेले आणि पोथी फडक्यात गुंडाळून फळीवर गेली. सातवी पास सून आली तशी ती पुन्हा खाली उतरली, आणि सारासकट उतरली.

“कोन मरते, कोन जगते, थे आधी सांग,” पहिल्याच दिवशी रुख्माबाई नव्या सुनेला म्हणाल्या. “मंग मी सुखानं आयकतो.”

त्यांचं म्हणणं असं की शेवटाची काळजी लागली की माणसाचं मधल्याकडे लक्षच राहत नाही. तो नुसता पुढे पळत सुटतो. आणि गोष्टीतली सगळी मजा तर मध्येच असते. खरं सांगायचं तर हे म्हणणं खोडून काढणं फार अवघड आहे. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

दोन-तीन वर्षांत त्या पोथीची इतकी पारायणं झाली की शेजारच्या चतुराबाईला ती पाठ झाली. ही चतुराबाई रोज जुड्या बांधायला यायची, आणि कोकिळेनं ओवीचा पहिला चरण उच्चारला की दुसरा स्वतःच म्हणून टाकायची. वाचणाऱ्याला याहून मोठा जाच नाही. कोकिळा वैतागली होती, आणि त्यातच तिला नवऱ्याचं गुपित सापडलं. बाजार आटोपला की मधुकरराव वाचनालयात वर्तमानपत्र चाळायला बसे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो तिथून रहस्यकथा आणतो आणि गोठ्यात रिकाम्या पोत्यांखाली दडवतो, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. कोकिळेनं एक पुस्तक काढलं, सासूपुढे धरलं आणि पोथीच्या ऐवजी हे वाचू का, असं विचारलं.

रुख्माबाईंनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. वाचता येत नसलं तरी पुस्तकाला मान द्यायचा असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी सुनेला हात धुवायला लावले, पोथी ठेवायची लाकडी घोडी पुसून घेतली आणि मुखपृष्ठावर एक बाई पिस्तूल रोखून उभी होती, तिच्या रिकाम्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं. मग विचारलं, शेवट काय? कोकिळेनं मागची पानं काढून चाळली आणि सांगितलं की म्हाताऱ्या जमीनदाराला त्याच्या कारभाऱ्यानं मारलं. बायांनी मान डोलावली, सांभाराची पेंडी पुढ्यात ओढली आणि कोकिळा वाचायला लागली.

मग जे झालं त्याचं कोकिळेला पुढे कितीतरी वर्षं नवल वाटत राहिलं. कारभारी पहिल्या पानावर नुसता नमस्कार करून आत आला तरी सपरीतल्या बाया श्वास रोखायच्या. तो चहा प्याला, तर पाहा कसा मजेत पिऊन राह्यला मुर्दाड, म्हणायच्या. तो रडला तेव्हा चतुराबाईनं त्याला अशी शिवी घातली की कोकिळेला थांबावं लागलं. पुस्तकातल्या हुशार पोलिसाला जे दीडशे पानांनी कळणार होतं ते या बायांना आधीच ठाऊक होतं, त्यामुळे त्या पोलिसाचीच त्यांना दया यायची. खोटं बोलणारा माणूस खोटं बोलताना कसा दिसतो, हे त्यांना जुड्या बांधता बांधता पाहायला मिळत होतं. हे सुख पहिल्या पानापासून सरळ वाचत जाणाऱ्याला कुठून मिळणार?

पुस्तक संपलं त्या दिवशी फुटाणे वाटले. आणि चतुराबाईनं विचारलं, “याचं फळ काय हाय वो?”

पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. ही पोथी ऐकेल त्याला संतती होईल, संपत्ती मिळेल, असं काही. या पुस्तकाच्या शेवटी नुसतं ‘समाप्त’ होतं. पण श्रोत्यांना कोरडं उठवायचं नाही म्हणून कोकिळेनं जागच्या जागी सांगून टाकलं की जो कोणी ही कथा मन लावून ऐकेल, तो मागच्या दाराला कडी लावल्याशिवाय निजणार नाही. चतुराबाईनं त्याच आठवड्यात मागच्या दाराला नवी कडी बसवली. मला वाटतं, बऱ्याच मोठ्या ग्रंथांची फळं इतक्या लवकर मिळत नसावीत.

या सगळ्यात हाल झाले ते मधुकररावचे. तो खरा वाचक, पहिल्या पानापासून सुरुवात करणारा, आणि कुणी पुढचं सांगायला लागलं की कानावर हात ठेवणारा. पुस्तकं आणायचा तो, आणि त्याच्याआधी त्यांचा शेवट सगळ्या सपरीला माहीत. वाडीतून घरात यायचं म्हणजे सपरीतूनच यावं लागे. म्हणून तो दाराशी आला की मोठ्यानं खोकायचा. तो खोकला ऐकू आला की कोकिळेनं वाचन थांबवायचं आणि बायांनी ओठ मिटून घ्यायचे, असा करार झाला होता. तो मान खाली घालून घाईघाईनं आत निघून जाई, आणि चतुराबाई हसू दाबत कारभाऱ्याला मनातल्या मनात शिव्या देई.

प्रेमदासजींचीही एक तक्रार होती. एक तर वाचनालयाच्या पुस्तकांवरच्या चित्रातल्या बाया सिंदी मेघेहून परतताना कुंकू लावून येत. दुसरं म्हणजे कुणी तरी टवाळ वाचक रहस्यकथांच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. त्यांचा संशय कोकिळेवर गेला. त्यांनी मधुकररावकडून विचारणा केली. कोकिळेनं निरोप धाडला की ते अक्षर तिचं नाही, पण ज्याचं असेल तो भला माणूस आहे, त्याला तिचा नमस्कार सांगावा. त्यानंतर प्रेमदासजींनी तिच्याबद्दलची आशा सोडली आणि ते मधुकररावच्या हातात जे जाड दिसेल ते देऊ लागले.

जाड पुस्तकांमुळे सपरीत राक्षस, उडते घोडे आणि मंतरलेली जंगलं आली. अशा अद्भुत कथांवर रुख्माबाईंचा विश्वास तात्काळ बसे. घोडा उडतो कसा, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांच्या शंका निराळ्या असत. राजपुत्र सात समुद्र ओलांडून गेला, तर वाटेत भाकरी कोणी थापली? शापानं दगड झालेल्या नगरीत उभ्या पिकाचं काय झालं? राजकन्या शंभर वर्षांनी जागी झाली तेव्हा तिच्या बागेत तण किती माजलं असेल, हा प्रश्न तर त्यांना दोन दिवस पुरला. कोकिळेला या प्रश्नांची चटक लागली. ती रात्री अंथरुणावर पडून त्यांची उत्तरं शोधायची आणि नवऱ्याला झोपू द्यायची नाही.

आणि मग एका पुस्तकातून माणसं मंगळावर राहायला गेली. विज्ञानकथा हा शब्द कोकिळेनं आधी वर्तमानपत्रात वाचला होता, पण अशी कथा प्रत्यक्ष तेव्हा भेटली. सासूनं त्यावरही हजार प्रश्न विचारले, पण आवाज निराळा होता. राक्षसांबद्दल विचारताना त्या हसत असत. मंगळाबद्दल त्या शेजारच्या गावाबद्दल विचारावं तशा विचारायच्या. तिथली माती लाल असेल, तर चुनखडी आहे की नाही? जनावर नाही म्हणता, मग शेणखत कुठून आणणार? कोकिळेनं सांगितलं की पुस्तकात खताबद्दल काही नाही. रुख्माबाई म्हणाल्या की मग त्या लोकांनी परत यावं, दोन हंगामांत उपाशी मरतील. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आपल्याकडचा एक माणूस खरोखरच अंतराळात जाऊन आल्याचं रेडिओवर ऐकलं तेव्हा सगळं गाव हरखलं. रुख्माबाईंना तेवढंसं नवल वाटलं नाही. गेला असेल, पण शेत कुठे केलं त्यानं, एवढंच त्या म्हणाल्या.

तिन्ही तऱ्हांच्या कथा वाचून कोकिळेचं एक मत झालं होतं. रहस्यकथेत माणसं खोटी असतात आणि जग खरं असतं. अद्भुत कथेत जग खोटं असतं, पण माणसं खरी असतात. विज्ञानकथेत मात्र दोन्ही खरी निघतील अशी धाकधूक वाटते, म्हणून ती वाचताना हात थांबतो. हे तिनं एकदा मधुकररावला ऐकवलं तेव्हा तो सायकलीची चेन बसवत होता. तो म्हणाला, बरोबर आहे, पण तू शेवट सांगू नको.

त्याच चौऱ्याऐंशी साली दिवाळीनंतर रुख्माबाईंच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग वैद्याच्या पुड्या झाल्या, आणि जेवण तुटलं तेव्हा दोन्ही मुलांनी त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. थोरला वासुदेवराव वाटणी होऊन वेगळा राहत होता आणि विहिरीचं पाणी कोणी कधी घ्यायचं त्या पाळीवरून दोघा भावांचं बरेच दिवस धड बोलणं नव्हतं, पण त्या दिवशी तोही बैलगाडीवर पुढे बसला. सोबत बाई हवी म्हणून कोकिळा गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रुख्माबाईंना बाहेर बाकावर बसवलं, तिघांना आत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की गाठ फार पसरली आहे. आता कापाकापी करून त्यांना त्रास देऊ नका. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. होळी दिसेल असं वाटत नाही.

घरी आल्यावर मधुकररावनं बायकोला गोठ्यात नेलं. पुस्तकं दडवायची ती पोती तिथंच होती. तो म्हणाला, “तुले माही शपथ हाय, मायले काई सांगू नोको.” आणि रडायला लागला. कोकिळेनं मान हलवली. नवऱ्याला तिनं इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी त्यानं काहीही मागितलं असतं तरी तिनं दिलं असतं.

थंडीचे दिवस होते. दुपारी सपरीत ऊन यायचं, तिथे रुख्माबाईंची खाट आणून टाकत. त्या उशीला टेकून बसत आणि जमेल तेवढ्या जुड्या बांधत. त्यांनीच सांगितलं की पुस्तक बंद पडू देऊ नका. प्रेमदासजींनी या वेळी दिलेलं पुस्तक फारच जाड होतं. एक मोठं यान दूरच्या ताऱ्याकडे निघालं आहे. तारा इतका लांब आहे की निघालेली माणसं वाटेतच म्हातारी होऊन मरणार, आणि पोहोचतील ती त्यांची नातवंडं. आणि यानात माणसं मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर भाजी पिकवतात. हे ऐकून रुख्माबाई उशीवरून उठूनच बसल्या.

पण शेवट सांगायचा राहिला होता. दवाखान्याच्या धावपळीत कोकिळेनं मागची पानं पाहिलीच नव्हती, आणि का कोण जाणे, पाहायला मन होत नव्हतं. पहिल्या दिवशी सांगते म्हणाली, दुसऱ्या दिवशी विसरले म्हणाली. चतुराबाईनं कुरकुर केली. रुख्माबाई मात्र एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि खरं तर तेव्हाच कोकिळेनं ओळखायला हवं होतं.

एका दुपारी बाकीच्या बाया पालक धुवायला विहिरीवर गेल्या. सपरीत दोघीच राहिल्या. कोकिळेनं पुस्तक उघडलं तशी रुख्माबाईंनी हातानं थांबवलं.

त्यांनी सरळ मुद्दे मांडायला सुरुवात केली. विहिरीच्या पाळीसाठी भांडणारा वासुदेव रोज संत्री घेऊन येतो आणि सोलून देतो. मधू दाराशी खोकत नाही, दबक्या पायानं येतो. दवाखान्यातून आणलेलं औषध दुखणं थांबवतं, पण दुखण्यावर उपाय करत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आहे. आणि चतुराबाई काल रडली, विचारलं तर डोळे झोंबले म्हणाली.

“सांभाराच्या जुड्या बांधताना कोनाचे डोळे झोंबतात वो?” रुख्माबाईंनी विचारलं.

इतकी वर्षं रहस्यकथा ऐकवलेल्या बाईपासून काही लपवायला निघालो होतो, हा आपलाच मूर्खपणा, असं कोकिळेच्या मनात आलं. तिला हसू आलं.

“आता शेवट सांग,” रुख्माबाई म्हणाल्या. “पुस्तकाचा नाई. माहा.”

कोकिळेनं सांगितलं की तिला शपथ घातली आहे.

“शपथ त्यानं तुले घातली, मले तं नाई घातली ना.” रुख्माबाईंचा आवाज चढला नाही. “पोरी, इतकी वर्षं तू मले सगळ्याईचा शेवट आधी सांगतला. मरनाऱ्याले बी मी पहिल्या पानापासून वळखत होतो. आता माह्याच पोथीत मले काऊन अशी अंधारात बसवून ठेवून राह्यले तुमी?”

विहिरीवरून बायांचं बोलणं ऐकू येत होतं. त्या लवकरच परत येणार होत्या. एका बाजूला गोठ्यात रडणारा नवरा होता आणि एका बाजूला ही बाई, जिनं पिस्तूलवालीच्या कपाळावर कुंकू लावून तिला हे सगळं जग उघडून दिलं होतं. शपथ मोडणं म्हणजे काय, हे कोकिळेला ठाऊक होतं. त्या घरात शपथ ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. पण सासूच्या डोळ्यांत भीती नव्हती. तिथे तेच होतं जे प्रत्येक नव्या पुस्तकाच्या वेळी असायचं. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं.

“होळी नाई दिसत, आत्याबाई,” कोकिळा म्हणाली.

रुख्माबाईंनी हातातल्या जुडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि ती जुडी ढिगावर ठेवली. मग विचारलं की कोणाकोणाला माहीत आहे. सगळ्यांना, कोकिळेनं सांगितलं.

“म्हंजे मीच एकटी राह्यली होती.” त्या थोडा वेळ उन्हाकडे पाहत बसल्या. कोकिळेचे डोळे वाहत होते आणि दोन्ही हात उघड्या पुस्तकावर तसेच होते. रुख्माबाईंनी आपल्या पदरानं ते पुसले. “हां,” त्या म्हणाल्या. “आता सुखानं आयकतो.”

आणखी दोन गोष्टी त्यांनी बाया यायच्या आत उरकल्या. एक मुलाबद्दल. “मधूले सांगजो नोको मले समजलं म्हून. त्याले शेवट नाई आवडत.” दुसरी घोडीवरच्या पुस्तकाबद्दल. ते लोक ताऱ्यापर्यंत पोहोचतात की नाही, हे त्यांना ऐकायचं नव्हतं, आणि सुनेनंही मागची पानं उघडायची नव्हती. “एक शेवट समजला, तेवढा पुरे हाय. याचा आपन दोघी मिळून पाहू.”

त्यानंतरचे दिवस कोकिळेनं कधी दुःखाचे म्हणून आठवले नाहीत, आणि याबद्दल तिला स्वतःचीच लाज वाटायची. रुख्माबाईंनी ते दिवस अगदी मन लावून घालवले. कारभारी खोटं बोलताना पाहावा तशा त्या आपल्या मुलांना पाहायच्या. वासुदेवराव संत्रं सोलताना इकडच्या तिकडच्या गोष्टी करायचा आणि त्या गालातल्या गालात हसत खायच्या, शंका नसल्यामुळे संत्रं आता गोड लागत होतं. मधुकरराव म्हणाला की आई, होळीपर्यंत तू चालायला लागशील, तेव्हा त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि पुरणाची डाळ घरची ठेव म्हणून सांगितलं. मेथीच्या कोणत्या वाफ्यातलं बी राखायचं ते त्यांनी सहज बोलता बोलता कोकिळेला सांगून ठेवलं. आणि विहिरीची पाळी त्यांनी दोघा मुलांसमोर अशी लावून दिली की नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

दुपारी यान पुढे जात होतं. यानातले पहिले लोक म्हातारे झाले. त्यांनी ताऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं आणि पाहणारही नव्हते, तरी रोज सकाळी उठून वाफ्यांना पाणी देत होते. रुख्माबाईंना त्यांचं फार कौतुक. यानातल्या पालकाला कीड लागते का, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि पुढच्याच प्रकरणात खरोखर कीड लागली. तेव्हा त्यांनी सगळ्या सपरीकडे असं पाहिलं की जणू पुस्तक त्यांनीच लिहिलं आहे. शेवट माहीत नसताना ऐकणं कसं वाटतं, असं कोकिळेनं एकदा हळूच विचारलं. अंगाला खाजकुयली लागल्यासारखं, पण वाईट नाही, असं उत्तर मिळालं.

संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले आणि चारच दिवसांनी सकाळी रुख्माबाई गेल्या. पुस्तकात यान अजून वाटेतच होतं.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. प्रेमदासजींनी पुस्तकाची मुदत वाढवून दिली होती आणि मधुकररावजवळ निरोप पाठवला होता की घाई नाही. मधुकररावनं आईबद्दल बायकोला काही विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं, तर शपथ मोडल्याचं कबूल करायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. पण तो विचारणारा माणूस नव्हता, आणि रुख्माबाई तर ते जाणूनच होत्या.

वाडीतला सांभार तुमच्या-माझ्या सुतकासाठी थांबत नाही. दुपारी बाया पुन्हा सपरीत जमल्या. खाटेची जागा रिकामी होती आणि तिथे ऊन पडलं होतं. जुड्या बांधताना नुसता पानांचा आवाज येत राहिला. मग चतुराबाईनंच घोडी आणून मांडली. पोथी अर्धी ठेवत नसतात, ती म्हणाली, ठेवणं बरं नाही. कोकिळेनं हात धुतले, पुस्तक घोडीवर ठेवलं. खुणेला सासूनंच घातलेली सांभाराची वाळकी काडी होती, तिथे ते उघडलं.

“शेवट सांग आधी,” चतुराबाई सवयीनं बोलून गेली.

तेवढ्यात दाराशी मधुकरराव खोकला. बरेच दिवसांनी खोकला. बायांनी ओठ मिटले. तो मान खाली घालून घाईनं आत निघाला होता.

“बसा ना,” कोकिळा म्हणाली. “याचा शेवट मलेच माहीत नाई.”

तो थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि तिथंच उन्हात मांडी घालून बसला. चतुराबाईनं सांभाराची एक पेंडी त्याच्या पुढ्यात सरकवली. त्याला जुडी बांधता येत नव्हती, तरी त्यानं दोरा हातात घेतला, आणि कोकिळा वाचायला लागली.